सातची घंटा : एका वेळापत्रकाचे परीक्षण

पाठ्यपुस्तकांचे परीक्षण होते, प्रश्नपत्रिकांचे होते, निकालाचे तर दरवर्षी होते. शाळेचे वेळापत्रक मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या फळ्यात लावलेले असते आणि त्याचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. जूनमध्ये ते तयार होते, कोणाचे तास कोणाच्या तासांवर आले एवढी कुरबुर होते, आणि मग वर्षभर ते निमूटपणे पाळले जाते. वास्तविक, विद्यार्थ्याने कधी उठावे, कधी जेवावे, गणित कोणत्या वेळी सोडवावे हे याच एका कागदावरून ठरते. ज्या मजकुराचा मुलांच्या आयुष्यावर इतका परिणाम होतो, तो विज्ञानाच्या कसोटीवर एकदा तरी तपासून पाहिला पाहिजे.

आम्ही येथे अशाच एका वेळापत्रकाचे परीक्षण करणार आहोत. ते कोणा एका विशिष्ट शाळेचे नाही. कुळगाव-बदलापूरसारख्या, लोकल गाडीच्या वेळांवर चालणाऱ्या गावातील दोन पाळ्यांच्या हायस्कूलचा तो एक नमुना आहे. सकाळची पाळी ७.०० ते १२.२०, दुपारची १२.३० ते ५.५०. पंधरा मिनिटांचा परिपाठ, पस्तीस मिनिटांचे आठ तास आणि पंचवीस मिनिटांची मधली सुट्टी. आठवी, नववी आणि दहावी सकाळी. खालचे वर्ग दुपारी. आपल्या शाळेच्या वेळा पाच-दहा मिनिटांनी मागेपुढे असतील, एवढाच फरक. पुढील विवेचन वाचकांनी स्वतःच्या शाळेच्या तक्त्याला लावून पाहावे.

वेळापत्रकाची बाजू

आधी या वेळापत्रकाचे गुण पाहू. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. मुंबईतील जागांचे भाव न परवडणारी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ असे टप्पे ओलांडत येथवर आली. घरे झपाट्याने उभी राहिली. शाळेच्या खोल्या त्या वेगाने वाढत नाहीत. अशा वेळी तीच इमारत, तेच बाक आणि तीच प्रयोगशाळा दिवसातून दोनदा वापरणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. दोन पाळ्या नसत्या तर अनेक मुलांना प्रवेशच मिळाला नसता.

सकाळच्या पाळीचे इतरही फायदे आहेत. मार्च-एप्रिलमधील उकाडा सुरू होण्यापूर्वी बरेचसे तास संपतात. मुली दिवसाउजेडी घरी पोचतात. दहावीच्या मुलांना दुपार मोकळी मिळते, आणि तेथे खासगी क्लास बसतो. पालक, शिक्षक आणि क्लासवाले या तिघांनाही ही व्यवस्था सोयीची वाटते. तेव्हा हे वेळापत्रक कोणी दुष्टपणाने केलेले नाही. अनेकांच्या सोयी जुळवत ते तयार झाले आहे. मात्र या जुळवाजुळवीत एका गोष्टीची नोंद कोठेच घेतलेली नाही, आणि ती म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे शरीर.

भिंतीवरचे घड्याळ आणि आकाशातला सूर्य

पहिला मुद्दा भूगोलाचा. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशावरून ठरते. कुळगाव साधारण ७३° १५′ पूर्व रेखांशावर आहे. फरक ९° १५′. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, हे आपण सहावी-सातवीतच शिकवतो. म्हणजे कुळगावचा सूर्य प्रमाणवेळेच्या ३७ मिनिटे मागे असतो. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजतात तेव्हा तेथील सरासरी सौर वेळेनुसार ६ वाजून २३ मिनिटे झालेली असतात.

१ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ देशात लागू झाली, पण मुंबईत तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात होती. प्रमाणवेळ आवश्यकच आहे. तिच्याशिवाय रेल्वे चालणार नाही. परंतु सगळ्या देशाने एकच घड्याळ स्वीकारले म्हणून सगळ्या देशाने एकाच आकड्यावर घंटा द्यावी असे कोठेही म्हटलेले नाही. कोहिमात सकाळी सात वाजता सूर्याच्या हिशेबाने पावणेआठ झालेले असतात. तेथील सातची शाळा आणि कुळगावची सातची शाळा यांत जवळजवळ सव्वा तासाहून अधिक अंतर आहे.

हा फरक हिवाळ्यात सर्वांत जास्त जाणवतो. जानेवारीच्या मध्यास कुळगावला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे सकाळच्या पाळीची पहिली घंटा सूर्योदयाच्या आधी होते. परिपाठ संपतो तेव्हा कोठे सूर्य वर येत असतो, आणि मूल घरातून निघाले तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू होते. आपण वर्गात सूर्याच्या भासमान भ्रमणाची आकृती काढतो, परंतु त्या वेळी तो सूर्य क्षितिजाखाली आहे हे आपल्या वेळापत्रकाला ठाऊक नसते.

पंधराव्या वर्षाचे घड्याळ

दुसरा मुद्दा शरीरशास्त्राचा, आणि तोच मुख्य आहे. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच वैज्ञानिकाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवले. प्रकाश नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी मिटत आणि उघडत राहिली. सजीवांच्या आतच एखादे घड्याळ असावे याची ती पहिली चाहूल होती. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात म. क. चंद्रशेखरन यांनी गुहेतील वटवाघुळांवर या विषयाचे महत्त्वाचे काम केले. पेशीतील हे घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मेंदूत हायपोथॅलॅमस या भागात हे मुख्य घड्याळ आहे. त्याचा फेरा चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, आणि रोजच्या प्रकाशाने ते सूर्याशी जुळवून घेतले जाते. संध्याकाळी अंधार पडला की काही वेळाने मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. शरीरासाठी ती रात्र झाल्याची सूचना असते. लहान मुलांमध्ये ही सूचना लवकर येते. वयात येताना मात्र ती एक ते दोन तासांनी पुढे सरकते. शिवाय, जागे राहण्याने झोपेचा जो दाब साठत जातो, तोही या वयात सावकाश साठतो. परिणामी दहा वर्षांचे मूल नऊला पेंगते, आणि त्याचाच पंधरा वर्षांचा भाऊ अकरापर्यंत टक्क जागा असतो. हा आळस नाही, वळण नसण्याचाही प्रश्न नाही. मिसरूड फुटणे आणि आवाज फुटणे जसे वयाचे लक्षण, तसेच हेही.

अमेरिकेतील मेरी कार्सकॅडन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे पाहण्यासारखा आहे. मुले नववीतून दहावीत गेली तेव्हा त्यांची शाळा ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली. ती लवकर उठू लागली, पण लवकर झोपू लागली नाहीत. सकाळी साडेआठला त्यांना अंधाऱ्या खोलीत पडू दिले, तेव्हा ती काही मिनिटांतच झोपली. जवळजवळ निम्म्या मुलांना त्या दिवसाच्या चाचण्यांत एकदा तरी झोप लागताच थेट स्वप्नावस्थेत जाताना नोंदले गेले, जे एरवी निद्रारोगाच्या रुग्णांत दिसते. अभ्यासातील मुले पन्नासहून कमी होती, त्यामुळे आकड्यांवर फार भार देऊ नये. परंतु निष्कर्षाची दिशा पुढील अनेक अभ्यासांत तीच राहिली. आपल्या पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर जी मान कलंडते, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

झोपेचा ताळेबंद

तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. आता कुळगावमधील एका घराचा हिशेब मांडू. हा हिशेब कल्पित आहे, पण मुंबईत नोकरी करणाऱ्या घराला तो अनोळखी वाटणार नाही. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जलद गाडीलाही दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. आई किंवा वडील साडेसहाला कार्यालयातून निघाले तर घरी पोचायला पावणेनऊ-नऊ होतात. जेवण साडेनऊला. सगळे एकत्र बसतात ती हीच वेळ. त्यानंतर उरलेला गृहपाठ. दोन खोल्यांच्या घरात दिवा एकाच वेळी मालवतो, समजा, सव्वाअकराला. सकाळी पावणेसहाला उठायचे. झोप झाली साडेसहा तास.

आठ तास ही किमान गरज धरली तर रोजची तूट दीड तासाची, आणि सहा दिवसांची नऊ तासांची. म्हणजे आठवड्याला एक संपूर्ण रात्र मूल झोपलेच नाही असा त्याचा अर्थ. ही तूट भरून काढायला रविवार असतो. शनिवारी बाराला झोपून मूल रविवारी आठला उठले, तर त्याच्या झोपेचा मध्य अडीचवरून चारवर गेला. दीड तासाचा हा फरक भारत आणि दुबई यांच्या वेळांतील फरकाइतका आहे. दर शनिवारी मुलाला दुबईला पाठवायचे आणि सोमवारी पहाटे परत आणून वर्गात बसवायचे, तसे हे आहे. सोमवारचा पहिला तास कोणत्याही शिक्षकाला का नको असतो, याचे निदान एक कारण यात सापडते.

सूर्याचा मुद्दा येथे पुन्हा येतो. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या दिनक्रमाची आकडेवारी तपासली. एकाच प्रमाणवेळेत सूर्यास्त एक तास उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, असे त्यांना आढळले. सूर्य उशिरा मावळतो म्हणून मुले उशिरा झोपतात, पण शाळा मात्र घड्याळाने भरते म्हणून उठायचे त्याच वेळी. गरीब घरांत हा परिणाम अधिक होता. कोलकाता आणि कुळगाव यांच्या रेखांशांतील फरक बरोबर एका तासाचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा निष्कर्ष आपल्यासाठी किती जवळचा आहे ते कळेल.

चौथीपाशी थांबलेला आदेश

महाराष्ट्रात या विषयाची दखल घेतली गेली नाही असे मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला की, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ या वर्षापासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. बदललेली जीवनशैली, रात्री उशिरापर्यंत जागणारी शहरे आणि त्यामुळे अपुरी राहणारी मुलांची झोप ही कारणे त्यामागे होती. शासनाच्या कागदावर मुलांच्या झोपेला जागा मिळाली याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण परीक्षणाच्या दृष्टीने पाहता या आदेशात एक मोठी उणीव आहे. वर पाहिल्याप्रमाणे, लहान मूल लवकर झोपू शकते आणि लवकर उठूही शकते. घड्याळ पुढे सरकते ते त्यानंतर, सातवी-आठवीच्या सुमारास, आणि दहावी-बारावीपर्यंत सरकतच राहते. म्हणजे ज्यांना उशिराच्या शाळेची शरीरतः सर्वांत जास्त गरज, तेच या आदेशाबाहेर राहिले. एवढेच नव्हे, एकाच इमारतीत दोन पाळ्या चालत असतील आणि छोट्यांना पहाटेची पाळी नको असेल, तर ती मोठ्यांकडेच जाणार, हे सरळ गणित आहे. कारण बरोबर आणि कार्यवाही उलटी, असा हा प्रकार होतो.

इतरत्र काय झाले ते तुलनेसाठी पाहावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला आणि तो जुलै २०२२ पासून अमलात आला. तेथे वरच्या वर्गांना साडेआठ आणि मधल्या वर्गांना आठ ही मर्यादा आहे. म्हणजे वय वाढेल तशी सवलत वाढते. आपला आदेश नेमका याच्या विरुद्ध दिशेने जातो.

“लवकर झोपवा की!”

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : मुलांना लवकर झोपवा, मोबाइल काढून घ्या, प्रश्न सुटेल. मोबाइलचा प्रश्न खराच आहे. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश मेलॅटोनिनला आणखी मागे ढकलतो, आणि निजायच्या वेळी तो हातातून सुटला तर फायदाच होईल. परंतु वर सांगितलेला कार्सकॅडन यांचा अभ्यास असे मोबाइल येण्यापूर्वीचा आहे. घड्याळाचे सरकणे मोबाइलमुळे सुरू झालेले नाही.

दुसरा आक्षेप असा की शाळा उशिरा भरली तर मुले तेवढीच उशिरा झोपतील. हे तपासून पाहिले गेले आहे. सिअ‍ॅटल शहरात २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ करण्यात आली. मुलांच्या मनगटाला हालचाल नोंदणारी उपकरणे बांधून झोप मोजली गेली. ती ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटे झाली. पंचावन्न मिनिटांच्या बदलातून चौतीस मिनिटे झोप पदरात पडली. सगळी नाही, पण अर्ध्याहून अधिक.

तिसरा आक्षेप शिस्तीचा : आम्ही नाही का पहाटे उठून शिकलो? याला उत्तर द्यायचे तर एवढेच की, जे सहन झाले ते योग्यच होते असे सिद्ध होत नाही. आणि आपले बोर्ड तरी काय करते? दहावीचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. मग रसायनशास्त्राची समीकरणे सव्वासातला का शिकवायची, याचे उत्तर वेळापत्रक करणाऱ्याने द्यायला हवे.

काय करता येईल?

केवळ दोष दाखवून परीक्षण संपत नाही. सकाळची पाळी ४० मिनिटे पुढे नेली, म्हणजे कुळगावच्या सूर्याइतकी, तर ती ७.४० ते १.०० होईल, आणि दुपारची १.१० ते ६.३०. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे खालच्या वर्गातील मुले अंधारात घरी जातील. मोठ्यांची झोप लहानांच्या सुरक्षिततेतून वजा करणे कोणालाही मान्य होणार नाही. खोल्या वाढल्याशिवाय या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळणार नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. तोवर पुढील गोष्टी विनाखर्च करण्यासारख्या आहेत.

एक, पहिल्या दोन तासांत गणित आणि विज्ञान नको. तेथे शारीरिक शिक्षण, चित्रकला, कार्यानुभव, वाचन असावे. परिपाठ आणि खेळाचा तास उघड्या मैदानावर घ्यावा. सकाळचा प्रकाश डोळ्यांत जाणे हाच शरीराचे घड्याळ मागे आणण्याचा सर्वांत साधा उपाय आहे. फक्त हिवाळ्यात तो तास सूर्य उगवल्यावर यावा. दोन, दहावीचे जादा तास सकाळी साडेसहाला घेण्याची प्रथा बंद करावी. अर्धवट झोपेत ऐकलेला धडा पुन्हा शिकवावा लागतो, म्हणजे वेळ वाचलेलाच नसतो. तीन, पाळ्यांची सहामाहीनुसार अदलाबदल करावी, निदान आठवी-नववीपुरती. म्हणजे तेच विद्यार्थी सलग तीन वर्षे भुर्दंड भरणार नाहीत. चार, गृहपाठ देताना सर्व विषयांच्या शिक्षकांनी मिळून त्याची बेरीज करावी. प्रत्येकाचा अर्धा तास योग्यच असतो, पण पाच जणांचा मिळून अडीच तास होतो.

पाच, हा विषय मुलांच्याच हाती द्यावा. मैदानात एक काठी उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते वर्षभर नोंदवावे. कुळगावला ती वेळ सरासरी १२.३७ येईल, नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२.२१ आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२.५१. हा फरक का पडतो, हा दहावीला पेलणारा उत्तम प्रकल्प आहे. जोडीला दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही ठेवावी : दिवा कधी मालवला, कधी उठलो, पहिल्या तासाला पेंग आली का. नोंदवहीवर नाव नको आणि कोणाचे पान वर्गात वाचून दाखवू नये. घरोघरची परिस्थिती निराळी असते आणि ती चव्हाट्यावर येण्याचे कारण नाही. वर्गाची फक्त सरासरी काढावी. पाचवीची, आठवीची आणि दहावीची सरासरी शेजारी शेजारी आलेखावर मांडली की, घड्याळ वयाबरोबर सरकते का, हे आपल्या शाळेपुरते आपल्याच आकड्यांत कळेल.

हा आलेख विज्ञान प्रदर्शनात ठेवायला हरकत नाही. पण त्याची खरी जागा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, वेळापत्रक ठरण्याच्या आधी, एप्रिल महिन्यात आहे. जूनमध्ये घंटेची वेळ ठरून गेलेली असते.